शब्द शेपटीकडून वाचा

वाचक-पत्र: माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले असून नुकताच मी नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे. शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे विषय मला मनापासून आवडतात, पण त्यांतील संज्ञांनी माझी झोप उडवली आहे. पहिल्या तीन आठवड्यांत मी चारशे शब्द अर्थांसह पाठ केले आणि चौथ्या आठवड्यात त्यांतील निम्मे पार पुसले गेले. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांची दर वेळी अदलाबदल होते. हृदयाच्या आकृतीत मी उजव्या बाजूची नावे उजवीकडे लिहिली आणि सगळे उत्तर उलटे झाले. वर्गात ‘कोलेसिस्टेक्टमी’चा अर्थ विचारला, तेव्हा मी नुसतीच उभी राहिले. मराठी संज्ञा धरून ठेवाव्यात की विसरून जाव्यात? आधी इंग्रजी सुधारावे का? आणि रोज किती शब्द पाठ केले तर निभाव लागेल?
— एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच तुमच्या अडचणीचे मूळ आहे, म्हणून त्याचे उत्तर शेवटी देते. आधी इंग्रजीबद्दल. ज्या शब्दांनी तुम्ही हैराण झाला आहात ते बहुतेक शब्द इंग्रजी नाहीतच. ते ग्रीक आणि लॅटिन धातूंपासून घडवलेले आहेत, आणि ज्याच्या घरी जन्मापासून इंग्रजी बोलली जाते तो विद्यार्थीही घरात ‘लिव्हर’ आणि ‘किडनी’ म्हणतो, ‘हेपॅटिक’ आणि ‘रीनल’ म्हणत नाही. त्यालाही हे शब्द पहिल्या वर्षी नव्यानेच भेटतात. इंग्रजी सुधारल्याने पुस्तक वाचणे सोपे होईल, ते अवश्य करा, पण त्यासाठी संज्ञांचा अभ्यास थांबवू नका, कारण त्या दोन कामांचा परस्परांशी फारसा संबंध नाही.

उलट, मराठीतून शिकल्यामुळे एक साधन तुमच्याकडे आधीच आहे, ज्याचा उपयोग करावा हे तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. शाळेत तुम्ही समासांचा विग्रह केला आहे. ‘पित्ताशय’ म्हणजे पित्ताचा आशय, पित्त साठवणारी पिशवी, हे सांगायला तुम्हाला पाठांतर लागत नाही. आता वर्गात अडलेला शब्द घ्या: ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, आणि ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढून टाकणे. ‘कोलेसिस्ट’ हा शब्द ‘पित्ताशय’ याच पद्धतीने बांधलेला आहे, त्याच क्रमाने, त्याच दोन कल्पना जोडून. त्याच्या पुढे शस्त्रक्रियेची शेपटी लागली, एवढेच. पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, हे तुमचे उत्तर होते, आणि त्याचे दोन तृतीयांश तुम्हाला मराठीत येत होते.

तत्पुरुष समासात दुसरे पद प्रधान असते, हा नियम आठवा. ‘राजवाडा’ हा वाड्याचा प्रकार आहे, राजाचा नव्हे. वैद्यकीय संज्ञाही तशाच, म्हणून त्या शेपटीकडून वाचायच्या असतात. शेवटचा तुकडा गोष्ट कोणत्या जातीची आहे ते सांगतो: ‘आयटिस’ असेल तर दाह, ‘ओमा’ असेल तर बहुधा गाठ, ‘साइट’ असेल तर पेशी, ‘अल्जिया’ असेल तर वेदना, ‘मेगॅली’ असेल तर आकार वाढणे, ‘एमिया’ असेल तर रक्तातील स्थिती, ‘युरिया’ असेल तर लघवीतील स्थिती. मग शब्दाच्या सुरुवातीकडे वळावे आणि शेवटी मधल्या तुकड्याकडे यावे. ‘हायपरग्लायसेमिया’ असा वाचला की रक्तात, जास्त, साखर, हे तीन शब्द आपोआप ओळीत बसतात आणि ‘रक्तातील साखर वाढलेली असणे’ हा अर्थ तयार होतो. त्याच शब्दातला ‘हायपर’ काढून ‘हायपो’ घातला की साखर कमी झाली. चारशे शब्दांच्या यादीत हे दोन वेगवेगळे शब्द होते. प्रत्यक्षात तो एकच शब्द आहे, ज्याचे एक चाक बदलले आहे.

तुकडे जोडताना मध्ये बहुधा ‘ओ’ हा स्वर येतो आणि पुढचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर तो गळतो. ‘गॅस्ट्र’ला ‘आयटिस’ लागताना ‘गॅस्ट्रायटिस’ होते, मध्ये ‘ओ’ राहत नाही, पण दोन अवयव जोडताना तो राहतो आणि ‘गॅस्ट्रोएंटरायटिस’ होते, म्हणजे जठर व आतडे या दोहोंचा दाह. संधीचे नियम शिकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

आता हायपो आणि हायपर. इथे मी तुम्हाला एक युक्ती सांगणार आहे, पण ती नुसती युक्ती नाही, ते खरे नाते आहे. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुलातील बहिणी असल्यामुळे त्यांचे अनेक उपसर्ग एकाच मुळातून आले आहेत. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ एकच, ग्रीक ‘हायपो’ आणि संस्कृत ‘उप’ एकच. ‘उपरिनिर्दिष्ट’ म्हणजे वर सांगितलेले, आणि ‘उपाध्यक्ष’ म्हणजे अध्यक्षाच्या खालचा. हायपर वर, हायपो खाली. पुन्हा कधी गोंधळ झालाच, तर उपाध्यक्षांना आठवा. ‘पेरि’ आणि आपला ‘परि’ हेही एकच आहेत: परिघ, परिसर, परिक्रमा यांत जे भोवताली असणे आहे तेच ‘पेरिकार्डियम’ या हृदयाभोवतीच्या आवरणात आणि ‘पेरिऑस्टियम’ या हाडाभोवतीच्या आवरणात आहे. ‘डिस’ म्हणजे आपला ‘दुस्’ किंवा ‘दुर्’: दुष्कर, दुर्गम. म्हणून ‘डिस्प्निया’ म्हणजे कष्टाचा श्वास.

यांतला मला सर्वांत आवडणारा नकाराचा उपसर्ग आहे. ‘अधर्म’, पण ‘अनादर’. पुढे व्यंजन असेल तर ‘अ’, स्वर असेल तर ‘अन्’. ग्रीकमध्ये हाच नियम जसाच्या तसा आहे. ‘ॲप्निया’ म्हणजे श्वास थांबणे, इथे पुढे ‘प’ आहे म्हणून नुसता ‘ॲ’, आणि ‘ॲन्युरिया’ म्हणजे लघवी जवळजवळ तयारच न होणे, इथे पुढे स्वर आहे म्हणून ‘ॲन’. हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी स्वतः पहिल्या वर्षाला होते, आणि त्या दिवसापासून मला शब्दकोशाची भीती वाटेनाशी झाली.

शरीराच्या भागांतही अशी भावंडे सापडतात. ‘अस्थी’ आणि ‘ऑस्टिऑन’, ‘दंत’ आणि ‘डेन्स’, ‘नासिका’ आणि ‘नेझस’, ‘जानु’ आणि ‘जेनू’ म्हणजे गुडघा, ‘पाद’ आणि ‘पेस’, ‘यकृत’ आणि ‘हेपार’. शेवटची जोडी कानाला पटत नाही, पण भाषाशास्त्रज्ञ ती एकाच मुळातली मानतात. मात्र सावध असा, कारण प्रत्येक साम्य म्हणजे नाते नव्हे. ‘जठर’ आणि ‘गॅस्टर’ सारखे वाटतात म्हणून लक्षात ठेवायला सोपे असतील तर ठेवा, परंतु त्यावरून पुढचे तर्क करू नका. आणि एक उपसर्ग तर सरळ फसवतो. मराठीत ‘अंतर्’ आणि त्यापासून आलेला ‘आंतर’ हे दोन्ही दिसायला जवळचे असले तरी एक ‘आत’ सांगतो आणि दुसरा ‘मध्ये’. वैद्यकात यांसाठी दोन वेगळे उपसर्ग आहेत: ‘इंट्रा’ म्हणजे आत आणि ‘इंटर’ म्हणजे दोहोंच्या मध्ये. ‘इंट्रामस्क्युलर’ इंजेक्शन स्नायूच्या आत दिले जाते, तर ‘इंटरकॉस्टल’ स्नायू दोन बरगड्यांच्या मध्ये असतात. परिचारिकेच्या हातून हा फरक चुकता कामा नये, म्हणून तो स्वतंत्र कागदावर लिहून ठेवा.

एकाच अवयवाला दोन-दोन नावे का, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण लवकरच पडेल. मूत्रपिंडाची धमनी ‘रीनल’, दाह मात्र ‘नेफ्रायटिस’. फुप्फुसाची धमनी ‘पल्मनरी’, आजार मात्र ‘न्यूमोनिया’. पहिला शब्द लॅटिन, दुसरा ग्रीक. काटेकोर नियम नाही, पण साधारणपणे जागा आणि रचना सांगताना लॅटिन, व आजार आणि शस्त्रक्रिया सांगताना ग्रीक वापरण्याची परंपरा आहे. हे आपल्याला परके नाही. आपण घरात ‘डोळा’ म्हणतो आणि पाटीवर ‘नेत्रतज्ज्ञ’ लिहितो, दात दुखतो पण जातो दंतवैद्याकडे, हाड मोडते आणि कागदावर ‘अस्थिभंग’ होतो. बोलीतला शब्द एक आणि समासात जाणारा शब्द दुसरा, ही सोय आपण रोज करतो.

आता तुमच्या मराठी संज्ञांच्या प्रश्नाकडे येते. त्या विसरू नका, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबूही नका. त्यांचे दोन गट करा. घरगुती शब्दांपैकी काही इतके नेमके आहेत की इंग्रजीला हेवा वाटावा. शरीररचनाशास्त्रात ‘आर्म’ म्हणजे संपूर्ण हात नव्हे, तर खांद्यापासून कोपरापर्यंतचाच भाग, आणि ‘लेग’ म्हणजे संपूर्ण पाय नव्हे, तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचाच भाग. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना हे मुद्दाम शिकवावे लागते. आपल्याकडे ‘दंड’ हा शब्द तयार आहे, त्याचे नाव ‘ब्रेकियम’. मांडी, पोटरी, नडगी, घोटा, टाच, मनगट, काख, जांघ हे सगळे शब्द वैद्यकीय नकाशावर थेट बसतात, म्हणून ‘फीमोरल’ पुढे मांडी, ‘ॲक्झिलरी’ पुढे काख असे लिहायला अजिबात संकोच करू नका.

दुसरा गट मात्र धोक्याचा आहे. ‘शीर’ हा त्यातला सर्वांत मोठा गुन्हेगार. आपण शिरेतून रक्त काढतो, मानेची शीर आखडते, शीर दबून पायाला मुंग्या येतात. यांत पहिल्या ठिकाणी रक्तवाहिनी आहे, दुसऱ्या ठिकाणी बहुधा स्नायू आणि तिसऱ्या ठिकाणी चेता, म्हणजे नर्व्ह. रुग्ण हा शब्द वापरेल तेव्हा तुम्हाला त्यामागचे नेमके काय ते ओळखावे लागेल, आणि स्वतः लिहिताना तो टाळावा लागेल. ‘पोट’ही तसेच: आपल्याला उदर म्हणायचे आहे की जठर? पोटात दुखते म्हणणाऱ्या माणसाचे जठर ठणठणीत असू शकते. आणि हिंदीतले व्हिडिओ पाहून अभ्यास करत असाल, तर दोन शब्दांना फार जपा. मराठीत ‘पेशी’ म्हणजे सेल, हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे स्नायू. मराठीत ‘केशिका’ म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिनी, हिंदीत ‘कोशिका’ म्हणजे सेल. या चौघांनी मिळून माझ्या किती तरी विद्यार्थ्यांच्या वह्या बिघडवल्या आहेत.

पारिभाषिक मराठी संज्ञांपैकी काही मात्र जपून ठेवाव्यात अशा आहेत. हृदयाच्या वरच्या कप्प्याला आपण ‘अलिंद’ म्हणतो आणि खालच्या कप्प्याला ‘निलय’. संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची ओसरी, आणि ‘निलय’ म्हणजे राहते घर. रक्त आधी ओसरीवर येते, मग घरात जाते. अलिंदाला वैद्यकात ‘एट्रियम’ म्हणतात, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थही रोमन घराचा दर्शनी चौक असाच आहे. ‘मज्जा’ हा शब्दही असाच उपयोगी आहे. ‘मायलो’ हा धातू कधी अस्थिमज्जेसाठी येतो तर कधी मज्जारज्जूसाठी, आणि विद्यार्थी विचारतात की एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे? मराठीतही दोन्हीकडे मज्जाच आहे, हे त्यांच्या लक्षात आलेले नसते. (‘मायो’ वेगळा, तो स्नायूचा. विद्यार्थिदशेत ‘मायलायटिस’चा अर्थ मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘स्नायूंचा दाह’ असा लिहिला होता. तो मज्जारज्जूचा दाह असतो.)

हृदयाच्या आकृतीतली तुमची चूक ही शब्दांची नाही, उभे राहण्याची आहे. या शास्त्रातली सगळी दिशादर्शक विधाने एका ठरावीक स्थितीतील शरीराबद्दल असतात: माणूस ताठ उभा आहे, तोंड समोर, हात शरीरालगत खाली सोडलेले, तळवे पुढे वळवलेले आणि अंगठे बाहेरच्या बाजूला. तो प्रत्यक्षात झोपलेला असो की पालथा, वर्णन या उभ्या माणसाचेच होते, आणि डावे-उजवे त्याचे असते, पाहणाऱ्याचे नसते. आकृतीतला माणूस तुमच्या समोर, तुमच्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणून त्याचे उजवे अलिंद कागदाच्या डाव्या बाजूला येते. सीटी स्कॅनच्या आडव्या छेदातही हाच संकेत पाळलेला असतो: रुग्णाची उजवी बाजू चित्रात डावीकडे. यापुढे आकृती काढण्यापूर्वी कागदाच्या डाव्या कडेला ‘उजवी’ असे लिहा आणि मगच पेन्सिल टेकवा.

ही स्थिती वाचून समजत नाही, ती अंगावर आणावी लागते, म्हणून आत्ता उभ्या राहा. तळवे मांड्यांकडे वळलेले असतील, ते पुढे करा. आता करंगळी शरीराच्या मध्यरेषेकडे आहे, म्हणजे ती ‘मीडियल’, आणि अंगठा दूर आहे, म्हणजे तो ‘लॅटरल’. तळवे आत वळवून विचार करणारे निम्मे विद्यार्थी इथे घोटाळा करतात. मनगट कोपरापेक्षा धडापासून दूर आहे, म्हणून ते कोपराच्या ‘डिस्टल’, आणि कोपर मनगटाच्या ‘प्रॉक्सिमल’. हे दोन शब्द मुख्यतः हातापायांसाठी वापरतात. डोके छातीच्या ‘सुपीरियर’, म्हणजे वरच्या बाजूला असते, ‘प्रॉक्सिमल’ नसते. तळवे पुढे असताना अग्रबाहूतील दोन हाडे, अंगठ्याकडची ‘रेडियस’ आणि करंगळीकडची ‘अल्ना’, एकमेकींना समांतर असतात. आता तळवा मागे फिरवा. रेडियस अल्नावरून आडवी गेली. या हालचालीला ‘प्रोनेशन’ म्हणतात, आणि दुसऱ्या हाताची बोटे मनगटाच्या थोडी वर ठेवून हे केलेत तर ती बोटांना जाणवते.

स्नायूंची नावेही अशीच अंगावर वाचता येतात. ‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’ हे नाव पाहून घाबरायला होते, पण ते फक्त पत्ता सांगते: ‘स्टर्नम’ म्हणजे उरोस्थी, ‘क्लायडो’ म्हणजे जत्रुक, गळ्याखालचे आडवे हाड, आणि ‘मॅस्टॉइड’ म्हणजे कानामागचा हाडाचा उंचवटा. स्नायू पहिल्या दोन ठिकाणांहून निघतो आणि तिसऱ्या ठिकाणी जाऊन चिकटतो. मान उजवीकडे वळवा, डाव्या बाजूला तो दोरीसारखा वर येईल. ‘बायसेप्स’ म्हणजे दोन डोक्यांचा, ‘ट्रायसेप्स’ म्हणजे तीन डोक्यांचा, ‘डेल्टॉइड’ म्हणजे ग्रीक डेल्टा अक्षरासारखा त्रिकोणी. काही नावे ठेवणाऱ्यांची कल्पनाशक्ती तर मजेदार होती: ‘मसल’ म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर, ‘टिबिया’ म्हणजे बासरीसारखे वाद्य, ‘कॉकिक्स’ म्हणजे कोकिळा, कारण ते हाड तिच्या चोचीसारखे दिसते, ‘कॉक्लिया’ म्हणजे गोगलगाय, आणि ‘ड्युओडेनम’ म्हणजे बारा, कारण त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी मोजली गेली होती.

संशोधकांच्या नावांवरून पडलेली नावे फुटत नाहीत, ती पाठच करावी लागतात. सुदैवाने ती कमी होत आहेत. १८९५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शरीररचनेच्या नावांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी स्वीकारली गेली, कारण तोपर्यंत एकेका भागाला अनेक नावे पडली होती, आणि १९९८च्या ‘टर्मिनॉलॉजिया ॲनाटॉमिका’ या यादीतही वर्णनात्मक नावांनाच मान दिला आहे. म्हणून ‘फॅलोपियन ट्यूब’ पुढे ‘यूटराइन ट्यूब’, ‘युस्टेशियन ट्यूब’ पुढे ‘ऑडिटरी ट्यूब’ असे दोन्ही लिहून ठेवा, कारण दवाखान्यात जुनी नावे अजून बरीच वर्षे कानावर पडणार आहेत.

देवनागरीत टिपणे काढण्याचा एक तोटा सांगायलाच हवा. ‘इलियम’ हा शब्द दोनदा येतो: एक लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि दुसरे नितंबाच्या हाडाचा वरचा पसरट भाग. उच्चार तोच, देवनागरी लेखन तेच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आतड्याच्या शब्दात मध्ये ‘ई’ अक्षर आहे आणि हाडाच्या शब्दात ‘आय’. तसेच ‘अँटी’: एक ‘विरुद्ध’ या अर्थाचा आणि दुसरा ‘पुढचा, आधीचा’ या अर्थाचा, जो ‘अँटिब्रेकियम’ म्हणजे अग्रबाहू या शब्दात आहे. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळण्यास त्रास आणि ‘डिस्फेझिया’ म्हणजे बोलण्यात दोष, यांत तर एका अक्षराचा फरक आहे. म्हणून अर्थ मराठीत लिहा, पण मूळ शब्द त्याच्या स्वतःच्या लिपीतही लिहा. ‘युरेटर’ आणि ‘युरेथ्रा’ यांच्यासाठी मात्र मराठीचाच आधार घ्या: मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे नेणारी ती मूत्रवाहिनी, मूत्राशयातून शरीराबाहेर नेणारा तो मूत्रमार्ग. शस्त्रक्रियांच्या प्रत्ययांतही असेच कान टवकारून ऐका. ‘ट्रॅकिऑटमी’ म्हणजे श्वासनलिकेला छेद देणे, ‘ट्रॅकिऑस्टमी’ म्हणजे तिथे छिद्र करून ते उघडे ठेवणे, कारण ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. तो एक ‘स’ ऐकू आला की उघडे तोंड डोळ्यांपुढे आणायचे.

इथवर सगळे रचनेबद्दल झाले. शरीरक्रियाशास्त्रातले शब्द वेगळ्या जातीचे असतात. ते वस्तूंची नावे नसून घडामोडींची नावे असतात, म्हणून एका शब्दाला एक अर्थ जोडून ते समजत नाहीत. प्रत्येक वेळी विचारावे लागते: काय, कुठून, कुठे आणि कशाच्या जोरावर? मूत्रपिंडाचे उदाहरण घ्या. दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो, आणि लघवी होते सुमारे दीड लिटर. ‘फिल्ट्रेशन’ म्हणजे रक्तदाबाच्या जोरावर द्रव रक्तातून नलिकेत जाणे, ‘रीअॅबसॉर्प्शन’ म्हणजे त्यातला बहुतेक भाग नलिकेतून पुन्हा रक्तात येणे, ‘सिक्रीशन’ म्हणजे काही पदार्थ मुद्दाम रक्तातून नलिकेत टाकले जाणे, आणि ‘एक्स्क्रीशन’ म्हणजे जे उरले ते शरीराबाहेर जाणे. चार व्याख्या पाठ केल्यात तर त्या एकमेकींत मिसळतील. रक्त आणि नलिका अशा दोन समांतर रेघा ओढून चार बाण काढलेत तर मिसळणार नाहीत.

दिशा हीच व्याख्या असलेले शब्द इथे पुष्कळ आहेत. धमनी म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी, हे शाळेतले उत्तर आता सोडून द्या. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी वाहिनी. फुप्फुसाकडे जाणारी पल्मनरी धमनी ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते आणि तरीही धमनीच असते. ‘अॅफरंट’ म्हणजे आत आणणारा, ‘इफरंट’ म्हणजे बाहेर नेणारा, पण कशाच्या आत? चेतासंस्थेत ते केंद्र म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू, तर मूत्रपिंडात केशिकांचे गुच्छ. संदर्भबिंदू न विचारता हे शब्द पाठ करणे म्हणजे गावाचे नाव न विचारता रस्ता पाठ करणे. आणि ‘निगेटिव्ह फीडबॅक’मधला ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट नव्हे, उलट दिशेचा. जेवणानंतर साखर वाढते, इन्सुलिन स्रवते, साखर खाली येते. बदलाला विरोध करून शरीराचे अंतर्गत वातावरण स्थिर ठेवणारी ही यंत्रणा आहे, आणि त्या स्थिरतेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले. मराठीत ‘समस्थिती’. ‘पॉझिटिव्ह फीडबॅक’ बदल आणखी वाढवतो, जसे प्रसूतीत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक कळा आणखी वाढवते, आणि तो नेहमीच चांगला असतो असे नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: रोज किती शब्द? एकही नाही. रोज पाच तुकडे घ्या, उपसर्ग, धातू किंवा प्रत्यय, आणि त्या दिवशीच्या धड्यात ते जिथे जिथे आले असतील तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी कोऱ्या कागदावर ते आठवून लिहा. पाहून पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवण्याने स्मरण पक्के होते, मग सुरुवातीला निम्मे चुकले तरी चालेल. तुमची चारशे शब्दांची यादी फेकू नका. ती शेपटीप्रमाणे पुन्हा लावा, सगळे ‘आयटिस’ एकत्र, सगळे ‘एमिया’ एकत्र, आणि किती वेगळे तुकडे उरतात ते मोजा. ही मोजणी तुम्ही स्वतः करावी अशी माझी इच्छा आहे, म्हणून आकडा सांगत नाही.

एक तुकडा या उत्तरात यायचा राहिला आहे. ‘कॉन्ड्र’ म्हणजे कूर्चा, हाडांच्या टोकांशी असते ती. उदराच्या वरच्या दोन कोपऱ्यांना ‘हायपोकॉन्ड्रियम’ म्हणतात, कारण ते बरगड्यांच्या कूर्चेच्या खाली येतात, आणि आजार नसताना आजाराची धास्ती घेणाऱ्याला ‘हायपोकॉन्ड्रिॲक’ म्हणतात ते यावरूनच, कारण उदासीचे मूळ त्या कोपऱ्यांत असते असे जुने वैद्य मानत. आता ‘ऑस्टिओकॉन्ड्रायटिस’ हा शब्द कोणत्याही पुस्तकात न पाहता फोडा, आणि काय अर्थ निघाला ते पुढच्या पत्रात कळवा.